बकुळीचा जामीन

गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक गंमत झाली. गंमत म्हणायची की आणखी काही, ते वाचून तुम्हीच ठरवा... सासूबाई फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहायची हिंमत करतेय.

टोकावड्याजवळ आमचं घर. माहेरी शहापूरला दारात बकूळ होती, म्हणून लग्न झाल्यावर मी इथल्या अंगणातही बकुळीचं रोप लावलं. रोपवाला म्हणाला होता, दोन-तीन वर्षांत फुलं वेचाल ताई. कसलं काय! झाड कौलांच्या वर गेलं, बारा महिने हिरवंगार... पण फुलाचा पत्ता नाही.

बी रुजवून केलेली बकूळ फुलायला बरीच वर्षं घेते, हे मला फार नंतर कळलं. तोवर घरादारात माझी यथेच्छ चेष्टा झाली होती. नवरा तर पाहुण्यांना सांगायचा, ही आमची शोभेची बकूळ.

दिवाळी झाली आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेंढा ठेवायला पत्र्याची शेड बांधायचं काढलं. जागा नेमकी बकुळीची. आमच्या बाबांनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. मी नवऱ्याकडे बघितलं, तर साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले... त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

आता आमच्याकडची एक जुनी पद्धत सांगते. आंबा-फणस धरत नसला की घरातला एकजण कोयता घेऊन झाडाला दम देतो, तोडतोच तुला! मग दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, राहू द्या, पुढच्या सालाला धरेल, मी जामीन. झाड घाबरतं आणि फळं देतं म्हणे.

बाबा कोयता घेऊन निघाले ते मात्र दम द्यायला नाही, तोडायलाच. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं सूप तसंच टाकून झाडापुढे उभ्या राहिल्या. "अवो, राहू द्या. होळीपर्यंत फुलंल ती. मी जामीन!"

"आंब्याला जामीन राहतात. बकुळीला कसला गो जामीन?" बाबा वैतागले.

"मी उभी हाय ना!"

भाजीत मीठ कमी आहे एवढंही आई कधी बाबांना तोंडावर बोलल्या नाहीत. "बरं, होळीपर्यंत. मग मात्र कोणाचं ऐकणार नाय," म्हणत बाबा परत फिरले.

आणि होळीच्या आधी चमत्कार झाला! सकाळी झाडाखाली फुलं... पिवळट पांढरी, चांदणीसारखी, खाली चांगली पसरलेली. मी तर नाचायचीच बाकी होते. बकुळीचं फूल इवलंसं, पानांत दिसतही नाही, खाली पडलं की कळतं. त्यामुळे वर बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाबांनी एक फूल उचलून हुंगलं, हं म्हणाले, आणि शेड गोठ्यामागे बांधून घेतली.

होळीनंतर एक दिवस पहाटे पाणी तापवायला उठले, तर आई मागच्या वाटेने येताना दिसल्या. पदर फुलांनी भरलेला. देवळामागे मोठी जुनी बकूळ आहे, तिची फुलं वेचून आणून त्या आमच्या झाडाखाली पसरत होत्या! मला बघून दचकल्या, मग तोंडावर बोट ठेवलं. "बोलू नको गो. शब्द दिलाय मी."

माझ्या झाडासाठी ही बाई रोज पहाटे देवळापर्यंत जात होती. मी त्यांच्या गळ्यातच पडले.

गेल्या आठवड्यात नणंदेला ताप आला, म्हणून आई तडकाफडकी आसनगावला गेल्या. मी ठरवलं, आता पहाटे आपण जायचं. उठून अंगणात आले... तर झाडाखाली फुलं हजर!

फुललं की काय खरंच? मोबाईलचा टॉर्च मारून फांदी न् फांदी बघितली. एक कळी नाही. तेवढ्यात बाबा ओट्यावर आले, टोपी झटकत. टोपीतून दोन फुलं खाली पडली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. "ती आली की पहिलं हेच विचारणार, फुलं पडत व्हती का," ते म्हणाले. "खोटं कसं बोलू तिच्याशी?"

म्हणजे बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! देवळापुढूनच तर रोज शेतावर जातात. मी हसावं की रडावं...

परवा आई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी प्रश्न तोच. बाबा म्हणाले, "पडत व्हती की. रोज."

आईंनी मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. "तू टाकत व्हतीस ना?"

"नाही आई. तुमची शपथ. मी एक फूल टाकलं नाही."

आई तशाच अंगणात गेल्या, बकुळीच्या खोडावर हात ठेवला आणि डोळे पुसत मला हाक मारली. "म्हणजे खरंच फुललं गो! खरंच फुललं तुझं झाड!"

आता पहाटेची ड्युटी बाबांकडे आहे. मी तोंड बंद ठेवलंय... आमच्या गावातल्यांनो, तुम्हीही ठेवा.

बकुळीबाई, तुझ्याकडे मात्र हात जोडून एक मागणं आहे. आमचे बाबा आता सत्तरीला आलेत... पुढच्या होळीला तेवढी स्वतः फूल.