राजेश्वरीचा अर्धा तास

शिवप्पा हत्तुऱ्यांच्या घरात फोनवर एकट्यानं बोलायची पद्धतच नाही. फोन कुणाचाही येवो, तो हातोहात फिरणार. आधी अव्वा, मग अप्पा, मग अण्णा, आणि मैंदर्गीहून मल्लव्वा आत्या आलेली असली तर विचारूच नका. ज्याचा फोन त्याच्याकडे परत येतो, तोवर बॅटरी तरी संपलेली असते, नाहीतर पलीकडचा माणूस तरी दमलेला असतो. घरात सगळ्यांना या पद्धतीचं भारी कौतुक. राजेश्वरीला मात्र तिनं रडकुंडीला आणलं होतं.

राजेश्वरी ही घरातली धाकटी लेक, सोलापुरातच एका खासगी दवाखान्यात नर्स. जर्मनीतल्या एका रुग्णालयात तिची नोकरी जवळजवळ ठरलेली. अट एकच, जर्मन भाषेची परीक्षा. लिहिण्या-वाचण्यात ती पास झाली आणि बोलण्यात सपशेल आपटली. परीक्षकानं साधं काही विचारलं तरी 'माफ करा'च्या पुढं गाडी सरकेना. नोकरी लावून देणाऱ्या संस्थेनं आणखी एकदाच बसायची मुभा दिली होती. आता हुकली की जागा दुसरीला जाणार.

म्हणून तिनं भाषा शिकणाऱ्यांची जोडी लावून देणाऱ्या एका ॲपवर हिल्डाबाई शोधल्या. जर्मनीतल्या एका गावात बेकरीत जन्म घालवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. इंग्रजी सगळेच शिकतात, मला मराठी शिकव, म्हणाल्या. करार सरळ होता. रोज संध्याकाळी अर्धा तास जर्मन, अर्धा तास मराठी.

पहिल्याच संध्याकाळी तिची आई कमलम्मा पदराला हात पुसत आल्या. "बाई एकलीच ऱ्हाती? आगं, मग जेवली का इचार की तिला!" राजेश्वरी तोंड उघडेपर्यंत फोन अव्वाच्या हातात गेला होता.

तो पुढं रोज जायला लागला. शिवप्पा अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यातून येत आणि हातपाय धुवायच्या आधी चादर उलगडून दाखवत. "दोनी बाजू बघा बाई. लई टिकती." अण्णानं, म्हणजे थोरल्या अनिलकुमारनं, फोन खाली नेऊन नवी बाइक सुरू करून ऐकवली. मल्लव्वा आत्यानं तर उखळ समोर ओढून शेंगाचटणी कुटून दाखवली, तीही मध्येमध्ये कानडीत बोलत. हिल्डाबाई खूश. मराठीचा अर्धा तास त्यांचाच होता, पण या मंडळींनी जर्मनचाही गिळला.

"अव्वा, माजी परीक्षा हाय गं," राजेश्वरी म्हणाली.

"मग बोल की. तुला कुणी आडवलंय?"

कुणी अडवलंय! ती आतल्या आत धुमसायची. दवाखान्यात डॉक्टरांपुढं गप्प, घरी मोठ्यांपुढं गप्प, आणि आता स्वतःच्या फोनपुढंही गप्पच. सगळे प्रेमानं करत होते म्हणून भांडताही येत नव्हतं, आणि याचाच तिला जास्त संताप यायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती फोन घेऊन गच्चीवर गेली आणि दाराला कडी घातली. जरा वेळानं दारावर थाप पडली. "राजे, दार उगड गं, मी जिनं चढून आलेय," आत्या धापा टाकत होती. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात कसं ताटकळत ठेवायचं? तिनं कडी काढली. आत्यामागून सगळं घर वर आलं आणि फोन फिरायला लागला. परत हातात आला तेव्हा हिल्डाबाई स्वच्छ सोलापुरी सुरात म्हणाल्या, "राजे, जेवली का गं?"

घरच्यांनी टाळ्या पिटल्या. "बघितलीस? आमी शिकवलं!" अप्पांची छाती फुगली.

राजेश्वरीचं डोकं फिरलं. तिनं तोंड उघडलं आणि जर्मनमध्ये सुटली. माझा अर्धा तास ही माणसं रोज खातात. अप्पांना चादर सुचते, अण्णाला बाइक सुचते, मला कुणी विचारत नाही. तुम्हीसुद्धा विचारलं नाही. माझी नोकरी जाईल आणि हे टाळ्या वाजवतील. चुका ढीगभर होत होत्या, पण ती थांबायला तयार नव्हती.

हिल्डाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "चूक माझीही आहे. पण आज तू एकदाही माफी मागितली नाहीस. उद्या तिथं अशीच बोल."

"काय सांगितलंस गं तिला एवडं?" कमलम्मांनी विचारलं.

"तुमच्या चहाड्या."

दुसऱ्या दिवशी पुण्यात परीक्षकबाईंनी विचारलं, "घरच्यांबद्दल काही सांगाल?" राजेश्वरीनं अव्वापासून सुरुवात केली. अप्पांची चादर झाली, अण्णाची बाइक झाली, आवाज चढत गेला. शेवटी परीक्षकबाईंनी हसत हात वर केला. "पुरे, पुरे. उत्तम. तुमची वेळ संपली."

राजेश्वरीला पुन्हा राग आला. अजून आत्याचं सगळं सांगायचं राहिलं होतं.