वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली

शिडी होती, कटर होता, फ्लेक्स समोर होता. पण कंपनीचे दोन सिक्युरिटी गार्ड हात लावू देत नव्हते.

कबनूरमधल्या एका शाळेचं फाटक. शाळा भरायला फार वेळ उरला नव्हता. फाटकावर भला मोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर याच शाळेतली, दोन वेण्या घातलेली सई हसत होती आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुरुंगातील मातांच्या मुलांना आमचा मदतीचा हात’.

मी त्याच मुलांसाठी काम करणाऱ्या कोल्हापूरच्या संस्थेत प्रोग्रॅम मॅनेजर आहे. आई जेलमध्ये गेली की मागे राहिलेल्या पोरांची शाळा, दवाखाना आणि आईची भेट सुटू नये हे बघायचं, आणि त्यासाठी पैसे देणारं कुणीतरी शोधायचं. दुसरं काम जास्त अवघड. जेलमधल्या बायकांच्या पोरांसाठी म्हटलं की लोक चहा पाजतात आणि विषय बदलतात.

त्या वर्षी शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री पैसे द्यायला तयार झाली होती. सीएसआर, म्हणजे कंपनीनं नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करायचा. मालक मगदूम साहेब त्या सकाळी शाळेत दप्तरं वाटायला येणार होते आणि तिथंच वर्षभराच्या करारावर सही करणार होते. सही झाली नसती तर पुढच्या महिन्यापासून पोरांना आईच्या भेटीला न्यायची गाडी बंद पडली असती.

आमची एक पद्धत आहे. आमची मुलं ज्या शाळेत असतील, तिथं वस्तू सगळ्या शाळेला वाटायच्या. मग आमचं पोर कोणतं, हे कुणाला कळत नाही. एचआर मॅनेजर देसाईंना हे मी तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली, सईचा फोटो मोबाइलवर काढून घेतला आणि फ्लेक्स छापून टाकला. कोल्हापुरी माणसाला फ्लेक्स न लावता चांगलं काम केल्यासारखं वाटतच नाही.

सईची आई कच्ची कैदी. म्हणजे खटला चालू आहे, निकाल लागलेला नाही. पण गल्ली निकालाची वाट बघत नाही. म्हणून सईला सांभाळणाऱ्या मामानं, शिवानं, सगळ्यांना सांगितलं होतं की बहीण सुरतला कामाला गेलीय. तो यंत्रमागावर रात्रपाळी करून घरी निघाला होता आणि त्यानंच फ्लेक्स पहिल्यांदा बघितला.

“मॅडम, ह्ये काय करून ठेवलासा?” त्याचा आवाज फाटला होता. “पोरांनी वाचलं तर तिला कोण शेजारी बसवून घ्यायचं न्हाय. मग मी तिला हितं ठेवू शकत न्हाय. बालगृहात घाला सरळ.”

मी देसाईंना फोन लावला.

“फ्लेक्सला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “साहेबांना तो दिसला पाहिजे.”

“अशा मुलांची ओळख उघड करणं कायद्यात बसत नाही.”

“ते नंतर बघू. कार्यक्रम होऊ दे.”

साहेबांचा फोन बंद. ते सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला असतात. गार्डना कायदा सांगितला, तर एक म्हणाला, “आमची नोकरी जाईल की ओ.” तेही खरंच होतं. लांबून पोरांचा पहिला घोळका येताना दिसला आणि माझं डोकं एकदाचं चाललं. फ्लेक्स काढता येत नसेल, तर त्यावर दुसरा लावता येतो. आणि आमच्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सला कुणी हात लावत नाही.

शिवाला म्हटलं, “पोरांना मागच्या दारानं आत घ्यायला हेडमास्तरांना सांगा.” आणि मी कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याचं शटर बडवलं.

“वाढदिवसाचं डिझाइन तयार हाय,” तो डोळे चोळत म्हणाला. “फोटो कुणाचा?”

“मगदूम साहेबांचा. कंपनीच्या वेबसाइटवरून घे.”

“आणि शुभेच्छुक?”

“समस्त ग्रामस्थ.”

मालकाचा हसरा फोटो बघितल्यावर त्याच गार्डनी शिडी धरली. एकानं तर वरची दोरी स्वतः आवळली. सई झाकली गेली.

साहेब गाडीतून उतरले, वर बघितलं आणि थांबले. तेवढ्यात पोरांनी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. हेडमास्तरांनी गुच्छ दिला. देसाईंचं तोंड पांढरं पडलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दप्तरं वाटली आणि मग हेडमास्तरांच्या खोलीत मला एकटीला बोलावलं.

“आज माझा वाढदिवस न्हाय,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. करार टेबलावर तसाच पडला होता.

“म्हंजे माझ्या तोंडाखाली त्या पोरीचं तोंड हाय?”

“हो.”

त्यांनी करार पुढं ओढला. मग पेन काढलं. “खोटं बोललेलं मला चालत न्हाय, बाई. पुढच्या बारीला आधी माझ्या दारात येऊन बसायचं. बस्तीत आलात तरी चालंल.” सही करून उठताना देसाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, “शाळा सुटून पोरं घरला जाईपातूर माझा वाढदिवस हाय.”

पोरं गेल्यावर गार्डनी दोन्ही फ्लेक्स उतरवले. शिवा खालचा जाळायला निघाला. सई मध्ये आली. सकाळी तिनं तो बघितला होता, हे तेव्हा कळलं.

“मामा, जाळू नगंस. फोटो चांगला आलाय. आईनं मला ह्या ड्रेसात बघितलं न्हाय.”

मी खाली बसले आणि कटरनं अक्षरं कापून टाकली. नुसती सई उरली. तेव्हा मला रडू आवरलं नाही.

पुढच्या गळाभेटीला ती गुंडाळी आम्ही नेली. गळाभेट म्हणजे मध्ये जाळी नाही, काच नाही, पोरांना आईच्या कुशीत बसता येतं. गेटवरच्या बाईंनी झडतीत ती उलगडली, सईकडं बघितलं आणि परत गुंडाळून दिली. आईनं ती मांडीवर पसरली आणि फोटोतल्या वेण्यांवरून हात फिरवला. आत ठेवायची परवानगी नव्हती. निघताना तिनंच ती परत गुंडाळली.

“मी येईपातूर जपून ठेव,” ती सईला म्हणाली. “आल्यावर आपल्या दारात लावू.”

आता आमच्या प्रत्येक करारात पहिली अट असते. देणाऱ्यानं स्वतःचा फोटो हवा तेवढा मोठा छापावा, मुलांचा छापू नये. पुढच्या वर्षीच्या करारावर देसाईंनी ती अट वाचून सही केली. स्कूटरच्या डिकीत कटर मात्र मी अजून ठेवते.