उलट्या बाजूचे सर

आम्हाला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी कधी कोणाला मत दिलं, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. निवडणूक आली की धुळ्याजवळच्या आमच्या गावात टपरीवर लोक त्यांना खोदून खोदून विचारत. सर निवांत चहा संपवत आणि म्हणत, "मतपेटी बंद असते, ती उगाच नाही."

दर बुधवारी ते वर्गात सभा भरवत. नियम एकच. ज्याला जे पटत नाही, त्याने तीच बाजू मांडायची. म्हणून पोरं त्यांना उलटे सर म्हणत. मुलींची फी सरकारने बारावीपर्यंत माफ केली होती. 'कॉलेजचीही सरकारने भरावी का?' असा विषय निघाला, तेव्हा सरांनी मला 'भरू नये' म्हणणाऱ्यांत उभं केलं. कॉलेजसाठी सगळ्यांत जास्त तडफडणारी मी, मला रडूच फुटलं. सर म्हणाले, "रडून झालं की बोल. समोरच्याने मान डोलवावी, इतकं त्याचं म्हणणं नीट सांग. मग भांड."

बारावीनंतर आबांनी, माझ्या वडिलांनी, शिक्षण बंद म्हणून सांगितलं. सर घरी आले. आता हे माझ्यासाठी भांडणार म्हणून मी दाराआड खूश. तर त्यांनी मलाच समोर बसवलं. "आधी आबांची बाजू मांड."

असा राग आला मला त्यांचा. तरी बोलले. पुढे फी माफ नाही, धाकटा भाऊ शिकायचाय, धुळ्यात आपलं कोणी नाही, लोक नावं ठेवतील. आबा मान डोलवत होते. मग तोंडून निघून गेलं, "आणि शिकले तर मला हे घर आवडेनासं होईल, अशी त्यांना भीती वाटते."

आबांची मान डोलायची थांबली. "हाई मी कोणलेच सांगेल नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आते तुनी बाजू सांग."

सर उठून ओट्यावर जाऊन बसले.

मी धुळ्याला शिकले. आबांच्या त्या भीतीला मला बोलून उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून दर शनिवारी एसटीने घरी येत राहिले. फाट्यावर आबा उभे असत आणि त्यांच्याशेजारी सर.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे जळगावला निघाले. त्यांना सोडायला मी आणि आबा त्याच फाट्यावर गेलो. मी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही कोणाच्या बाजूचे होतात?"

"आबांच्या," सर म्हणाले. "माझी थोरली शिकून गेली, ती दिवाळीपुरती येते. पटत नव्हतं, म्हणून तर तुझ्यासाठी आलो. नियम मलाही होता."

"आणि आता?"

सर एसटीत चढले. खिडकीतून म्हणाले, "मतपेटी बंद असते."

माझ्या शेजारी आबा हसत होते. इतके शनिवार सरांबरोबर फाट्यावर काढल्यावर त्यांना ते मत केव्हाच कळलं होतं.