बंद दाराचा आठवडा

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते मुलांच्या दवाखान्यातली रक्त घ्यायची खोली. मधोमध रेक्झिनच्या गादीचा उंच पलंग, भिंतीवर सोंडेनं पाणी उडवणारा हत्ती, आणि बंद दाराबाहेर कान लावून उभी असलेली एक आई. आतून किंकाळी येते. ती काही आजची नाही. खोली बांधली तेव्हापासून तिचे प्रयोग चालूच आहेत.

खोलीची मालकीण म्हणजे सुईबाई. नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि बाई त्याला हसत ओ देत. जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. रीत अशी, की आईबापांना बाहेर काढायचं, पोराला आडवं पाडायचं, दोघींनी हातपाय धरायचे आणि तिसरीनं टोचायचं. एक दिवस बाईंच्या मनानं घेतलं, पोर आईच्या मांडीवरच बसवलं तर?

मोठे डॉक्टर हसले. "अहो बाई, आया घेरी येऊन पडतील. मग आम्ही कुणाला धरायचं, पोराला की आईला?"

"पडली तर उचलू. पण करून तर बघू!"

"बघायचं तर नीट बघा. एक आठवडा तुमची रीत, एक आठवडा जुनी, असं वर्षभर आळीपाळीनं. दोन्हीकडचं रडणं मोजा, दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर तेही मोजा. मग बोलू."

प्रत्येक आईला आधी सगळं समजावून सांगायचं. जिला बाहेर थांबणं पटणार नाही तिनं खुशाल आत यावं, फक्त तिचं पोर मोजणीत धरायचं नाही. बहुतेक जणी म्हणत, "तुम्ही आहात ना बाई, मग होऊ दे." या भरवशाचंच बाईंना ओझं होई.

आणि नेमकी बंद दाराच्या, म्हणजे जुन्या रीतीच्या आठवड्यात सून नातीला घेऊन हजर! चिमुरडी तापानं फणफणलेली, आल्या आल्या आजीच्या गळ्यात पडली. बाकावरच्या आया टक लावून बघू लागल्या. बाईंच्या घरूनच नकार आला, तर बाकीच्या कशाला हो म्हणतील? मग तुलना कशाशी करणार? आणि दार आहे तसंच बंद राहणार.

तरी सगळ्यांना सांगत तेच, एक शब्द न बदलता, बाईंनी सुनेला सांगितलं. वर म्हणाल्या, "नाही म्हणालीस तरी चालेल हो. सासू म्हणून सांगते."

"सासू म्हणून तुम्ही भाजीत मीठ किती घालायचं तेही सांगता. ते तरी मी कुठं ऐकते?" सून हसली, मग लेकीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आई, आज मी बाहेर थांबले, तर पुढं बाकीच्या जणींना आत थांबता येईल?"

"येईल की नाही, तेच तर मोजतेय गं."

"मग आमच्या भिंगरीलाही मोजा."

दार लागलं. सुई दुसऱ्या नर्सच्या हातात होती. बाईंनी नातीचे पाय धरले. दोनदा टोचावं लागलं. आजी शेजारी उभी, पण पोर हाका मारत होती आईलाच. बाहेर सून भिंतीला टेकून डोळे पुसत होती. बाकावरची एक अनोळखी बाई उठली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाली, "आमचंही घ्या हो मोजणीत."

वर्षभरानं हिशेब लागला. मांडीवरची पोरं लवकर शांत झाली होती आणि दुसऱ्यांदा टोचायची वेळ क्वचितच आली होती. घेरी एकालाच आली, तीही एका पैलवान बापाला. मोठे डॉक्टर मनाचे उमदे. त्यांनी कागद खाली ठेवला, उठले आणि स्वतःच्या हातानं दाराची कडी काढून टाकली.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी ही सगळी कथा भर सभेत सांगितली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाई उठल्या, पहिल्या रांगेतल्या सुनेकडे बघून त्यांनी हात जोडले आणि टाळ्या थांबवल्या.

"मला नकोत या. बंद दाराच्या आठवड्यात जी पोरं रडली, त्यांच्यासाठी वाजवा. आणि मोठ्यानं वाजवा, ती काही हळू रडली नव्हती!"