फोन कट झाला नव्हता

आम्ही सात सीटांची गाडी घेतली तेव्हा घरात पाच माणसं होतो. आई, मी, बायको, मुलगा आणि मुलगी. शोरूममधल्या माणसानं मागच्या दोन सीटा पाडून दाखवल्या, परत उभ्या करून दाखवल्या आणि म्हणाला, पाहुणे आले की कामाला येतात. त्याआधी बावीस वर्षं मी जालन्याहून अंबडला एसटीनं जात होतो. तिथल्या कोर्टात मी क्लार्क आहे. आमच्यासारख्याच्या घराला एवढी मोठी गाडी कशाला, असं भाऊबंद म्हणाले. पण तेव्हा गाडीत बसायला माणसं होती, त्यामुळं मला काही तसं वाटलं नाही.

मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी गाडीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. अख्खा दिवस तिथं गेला. मुलानं कंपनीचा स्क्रीन काढून ताटाएवढा मोठा स्क्रीन बसवून घेतला. फोन त्याला जोडला की गाणी, नकाशा, कॉल, सगळं त्यावर. मुलीनं सीटकव्हरचा रंग निवडला. आईला वर चढता येईना म्हणून दोन्ही बाजूंना पायरी लावली. बायको सगळा वेळ स्टुलावर बसून होती. निघताना तेवढं म्हणाली, "पुढं पिवळे दिवे लावून घ्या. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या असतात रस्त्याला, मागं लाईट नसतो त्यांना." तेही लावले.

दोन वर्षांनी आई गेली. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला. मुलीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. तिला बाळ झालं तसं तिची सहा महिन्यांची सुट्टी संपायच्या आत माझी बायको पुण्याला गेली. चार महिन्यांसाठी असं ठरलं होतं. मंग पाळणाघर चांगलं मिळेना, मंग बाळाला दम्यासारखं काही झालं, मंग आणखी काही. दीड वर्ष झालं. माझी नोकरी दोन वर्षं उरलेली. मी सकाळी पोळीभाजीचा डबा खानावळीतून घ्यायचो आणि सात सीटांच्या गाडीत एकटा बसून अंबडला जायचो. पहिल्यांदा कोर्टातले दोघं सोबत यायचे. एकाची परतूरला बदली झाली, दुसऱ्यानं अंबडलाच घर केलं.

संध्याकाळी सहाला मी कोर्टाच्या आवारातून गाडी काढली की बायकोचा फोन यायचा. ही वेळ तिनंच ठरवली होती. त्या वेळी मुलगी ऑफिसातून आलेली असायची आणि बाळ तिच्याकडं असायचं. स्क्रीनवर बायकोचं नाव यायचं, मी बोटानं हिरवी खूण दाबायचो आणि चारी दारांतून तिचा आवाज यायचा. एवढा मोठा की ती मागं बसलीय असं वाटावं. जालना येईस्तोवर आम्ही बोलायचो. मीच जास्त बोलायचो. आज कोण साक्षीला आलं, कुणाची तारीख पडली, कोणता वकील कुणावर ओरडला. घरी असताना मी हे कधी तिला सांगितलं नव्हतं. नजर रस्त्यावर असली की बोलणं सोपं जातं, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, गाडीत कुबट वास यायला लागला. ओल्या गोणपाटासारखा. डाव्या सीटपुढचं कार्पेट दाबलं तर बोटं भिजली. पाण्याची बाटली सांडली असेल म्हणून मी दोन दिवस दारं उघडी ठेवून वाळवलं. पाऊस आला, परत ओलं. सर्व्हिस सेंटरला दोन दिवस गाडी ठेवली. त्यांनी धुऊन पुसून परत दिली आणि पाणी कुठूनच येत नाही असं सांगितलं. त्या बाजूला कुणी बसत नसल्यामुळं मीही मनावर घेतलं नाही.

मंग एके दिवशी असं झालं. संध्याकाळची वेळ, पाऊस लागलेला. गोलापांगरीच्या अलीकडं बायकोचा फोन आला. मी उचलला.

"हॅलो," ती म्हणाली. "निघालात का?"

"निघालो," मी म्हणालो.

"हॅलो? आवाज येईना तुमचा."

"अगं, मला येऊन राह्यला तुझा. बोल."

"हॅलो. हॅलो." मंग ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "कट झाला वाटतं. पावसानं रेंज गेली असंल."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. कट झालाच नव्हता. मला बाळाची खेळणी ऐकू येत होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी बंद करणार होतो. तेवढ्यात मुलीचा आवाज आला.

"आई, दिवाळीचं तुझं तिकीट काढून टाकू का? बाबा वाट बघत असतील."

"राहू दे थोडं."

"का गं?"

बायकोनं गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मंग म्हणाली, "तुला सांगायला नको वाटतं. पण तिकडं जायला मन घेत न्हाई माझं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला, एका बंद टपरीपुढं घेतली. वायपर चालूच होते.

"तिथं त्यांचा डबा झाला की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज न्हाई," ती सांगत होती. "ते आले की हातपाय धुणं, बातम्या, जेवण, झोपणं. काही विचारलं तर हूं. तुम्ही दोघं होता तोवर घर भरल्यासारखं वाटायचं. तुम्ही गेलात आणि मला कळलं, आमचं दोघांचं असं बोलणं कधी नव्हतंच. इथं मी खाली बाकावर जाऊन बसते तर चार बायका माझी वाट बघतेत."

"पण बाबा तर रोज अर्धा-अर्धा तास बोलतात तुझ्याशी."

"तेच तर. गाडीत असले की बोलतेत. लग्न झाल्यापासून एवढे बोलले न्हाईत. मला भ्या वाटतं, मी घरी गेले की परत बंद होतील."

त्यानंतर बाळ रडायला लागलं आणि त्या दोघी उठून गेल्या. मी स्क्रीनवरची लाल खूण दाबली. आधीच दाबायला पाहिजे होती. कोर्टात आम्ही लोकांची घरातली भांडणं दिवसभर ऐकतो आणि टाईप करतो, पण ती लोकांची असतात. मी काही वेळ तिथंच बसलो. पाऊस थांबल्यावर जालन्याला आलो, तिला मेसेज केला की गाडीचा माईक बिघडलाय, पोचलो. तिनं अंगठा पाठवला.

पुढचे काही दिवस मी घरी पोचल्यावर हातात फोन घेऊन तिच्याशी बोललो. बोलणं जमेना. खुर्चीत बसलो की माझे शब्द संपायचे. ती म्हणायची, "बरं न्हाई का तुम्हाला?" मी म्हणायचो, "बरंय." तीन-चार मिनिटांत फोन ठेवायचो आणि ठेवल्यावर लक्षात यायचं, ती म्हणाली होती ते बराबर होतं.

स्क्रीन बघायला आलेल्या इलेक्ट्रिशियननं डाव्या बाजूचं कार्पेट उचललं. माईकची वायर त्याच्या खालून गेली होती आणि तिचं टोक हिरवं पडून सडलं होतं. तो म्हणाला, "वायर मी बदलून देतो. पण पाणी थांबवल्याशिवाय उपयोग न्हाई. महिन्यात परत जाईल. आधी पाणी कुठून येतं ते शोधा."

रविवारी मी अंगणात नळी घेऊन उभा राहिलो. टपावर पाणी सोडायचो, नळी टाकून पळत जाऊन दार उघडायचो. दार उघडलं की टपावरचं पाणीच सीटवर सांडायचं आणि कोणतं पाणी कुठलं ते कळायचं नाही. मंग फोन आत ठेवून व्हिडिओ चालू केला. सगळं काळं आलं. हे काम एका माणसाचं नाहीच. एकानं बाहेरून पाणी टाकायचं आणि एकानं आत बसून बघायचं. माझ्याकडं दुसरं माणूस नव्हतं.

समोरच्या घरात एक शेठजी एकटे राहतात, मुलं बाहेरगावी असतात. त्यांचं पूर्वी कापडाचं दुकान होतं, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं घर. माझी गाडी त्यांच्या फाटकापुढं जरा येते म्हणून आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो. ते त्यांच्या ओट्यावरून माझी पळापळ बघत होते. शेवटी चपला घालून आले.

"क्या हुआ साहेब, काय शोधून राह्यले?"

मी सांगितलं. ते डाव्या दारानं चढले, पायरीवर पाय देऊन, आणि टॉर्च मागितला. वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी ते डॅशबोर्डखाली मान घालून बसले आणि मी काचेवर पाणी सोडत राहिलो. दहा मिनिटांनी त्यांनी आतून काचेवर टकटक केली.

"धार न्हाई," ते म्हणाले. "थेंब हे. वायरवरून घसरत येऊन राह्यला."

मी आत वाकून बघितलं. पिवळ्या दिव्यांची वायर इंजिनाकडून आत घेताना दुकानदारानं रबराला चीर पाडली होती आणि तशीच सोडली होती. तिथून थेंब यायचा, वायर धरून खाली उतरायचा, कार्पेटखाली जायचा. एवढ्यासाठी महिनाभर.

मी पाणी बंद केलं. शेठजी मात्र उतरले नाहीत. सीटवर नीट मागं टेकून बसले. "मोठी हे आतून," ते म्हणाले. "दोन मिनिटं बसू द्या." मी स्टिअरिंगच्या बाजूनं जाऊन बसलो. त्यांनी मुलांचं सांगितलं नाही, मी बायकोचं सांगितलं नाही. आम्ही ओली काच बघत बसलो. मंग ते उतरून घरी गेले. त्यानंतर आम्ही रोज एकमेकांना हात करतो, एवढं झालं.

इलेक्ट्रिशियननं चीर बुजवली, वायर बदलली. सोमवारी सहा वाजता बायकोचा फोन आला. "आता बराबर येऊन राह्यला आवाज," ती म्हणाली. मी नेहमीसारखं बोलायला लागलो आणि अर्ध्या रस्त्यात थांबलो. काही सांगू लागलो की तिचं ते 'परत बंद होतील' मध्ये यायचं. हे असं चालणार नाही असं वाटलं. मी तिला म्हणालो, "शनिवारी मी पुण्याला येतो. गाडी घेऊन."

"एवढ्या लांब? एकटे?" ती म्हणाली. मी संभाजीनगरच्या पुढं कधी गाडी नेली नव्हती.

शनिवारी पहाटे निघालो, दुपारी पोचलो. मुलीनं जेवायला वाढलं, बाळ पहिल्यांदा माझ्याकडं आलं नाही, मंग आलं. दोन खोल्यांच्या त्या घरात बायकोशी वेगळं बोलायला जागा नव्हती. संध्याकाळी मी म्हणालो, गाडीत तुझी पिशवी राहिलीय, खाली चल. पिशवी वगैरे काही नव्हती. बेसमेंटमध्ये गाड्यांच्या रांगेत आमची गाडी होती. ती डाव्या सीटवर बसली. मी दार लावून घेतलं.

"त्या दिवशी फोन कट झाला नव्हता," मी म्हणालो. "माझा आवाज तुला जात नव्हता. तुझा मला येत होता."

ती सीटवर माझ्याकडं वळली.

"किती ऐकलं?"

"बाळ रडेस्तोवर."

"आणि इतके दिवस बोलला न्हाईत."

"न्हाई."

"बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं मला जास्त लागलं.

मी म्हणालो की मी बदलायचा प्रयत्न करीन. ती म्हणाली, या वयात असं काही कबूल करू नका. मंग मी विचारलं, "दिवाळीला येतेस का?"

"आठ दिवस येते. राहायला न्हाई. बाळाला शाळेत घातल्यावर बघू." मंग म्हणाली, "रिटायर झाल्यावर तुम्हीच या इकडं."

"इथं मी काय करू दिवसभर?"

"मी तिथं काय करत होते?"

वरून कुणाची तरी गाडी आली, तिच्या दिव्यांचा उजेड आमच्या तोंडावरून गेला. आम्ही तासभर तिथं बसलो. मधे मी तिला त्या आठवड्यातली एक केस सांगितली, दोन भावांची, विहिरीवरून. तिनं मला खालच्या बाकावरच्या चार बायकांबद्दल सांगितलं, एकेकीचं. एक नाशिकची होती, एक कर्नाटकातली, तिला मराठी येत नव्हतं. त्यांतल्या एकीचंही मी आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण रोजच्या अर्ध्या तासात मी तिला कधी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी एकटा परत निघालो. ती फाटकापर्यंत आली होती, बाळाला कडेवर घेऊन. नगर सोडल्यावर एका ठिकाणी चहा प्यायलो. जालन्यात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

सोमवारी कोर्टात माझ्या टेबलाशेजारच्या क्लार्कनं विचारलं, "पुण्याला गेल्ते म्हणे. वहिनींना घेऊन आलात का?"

"न्हाई," मी म्हणालो. "तिला तिथं बरं वाटतं. ती तिथंच राहील."

हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. तो "बरं" म्हणाला आणि त्याच्या फायलींकडं वळला. बाहेर शिपायानं पहिल्या केसचा पुकारा केला होता. मी दिवसाचं कामकाज लिहायचा रोजनामा पुढं ओढला.