लिफ्टवाल्यांच्या फोनमधली टिपणं

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना, तेव्हा नवरा-बायको आधी हसले. मग गॅस चालू राहिला, गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या, आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "हे वाढतच जाणार."

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिने कंबर कसली. भाचीने नवऱ्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं: रंगीत खाने, लेबलं, यादीच्या पोटात यादी. लिफ्टवाले म्हणाले, "अगं, याच्यापेक्षा लिफ्टचं वायरिंग सोपं!" दुसऱ्या ॲपमध्ये नुसत्या आठवणीच्या घंट्या होत्या, घंटा वाजली की हे फोन कानाला लावून "हॅलो, कोण?" करत बसायचे. तिसरं जमलं. साधी यादी, काम झालं की पुढे खूण.

ही यादी तिच्याही फोनवर दिसायची, ती छापखान्यातून बघायची. नाश्ता, खूण. गोळी, खूण. जेवण, खूण. जीव भांड्यात पडायचा.

एका गुरुवारी ती लवकर घरी आली. ताट झाकलेलं तसंच, गोळ्या तशाच.

"अहो, जेवल्याची खूण केलीत ना?"

"तू तिकडून बघतेस," ते ओशाळले. "खूण नसली की तुझं कामात लक्ष लागत नाही. म्हणून सगळ्या सकाळीच करून टाकतो."

तिला रागावताही येईना. तिने नोकरी सोडली, यादी काढून टाकली आणि बोलून टिपण ठेवायचं ॲप घातलं. बटण दाबायचं, मनात येईल ते बोलायचं. ते बोलायचे: पंखा कुरकुरतोय, चष्मा सापडला. भांडी आवरली की ती ऐकायची.

चारेक महिन्यांनी एक टिपण आलं. "घरी एक बाई येतात. स्वभावाने चांगल्या आहेत. शर्टाची बटणं लावून देतात, पण मला फार संकोच होतो. बायको आली की सांगायचंय, हे तूच कर बाई."

तिने ते पुन्हा लावलं. शब्द तेच होते.

दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घेऊन ती खोलीच्या उंबऱ्यातच थांबली. "येऊ का आत?"

"या ना, बसा तुम्ही." त्यांनी खुर्ची पुढे केली. "आमची ही येईलच एवढ्यात."

ती बसली. थोड्या वेळाने, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मिस्टर असतात," ती म्हणाली.

शर्ट त्यांनी पाठ फिरवून स्वतःच घातला. बटणं वरखाली लागली. तिने हात मांडीवरच ठेवले.