पूल बंद होता त्या रविवारी

गेल्या रविवारी सकाळी आष्ट्यात चहाच्या टपरीवर माझी चांगलीच जिरली. म्हणजे तशी कुणी जिरवली नाही... माझी मीच.

मी मूळ साताऱ्याचा. बदली मिरजेला झाली आणि घर घेतलं सांगलीत, त्यालाही आता वर्ष होत आलं. साताऱ्यात सायकल म्हणजे मी आणि दिलीप, दर रविवारी, न चुकता.

रस्ते काढायचा तो, मी नुसते पाय मारायचो. त्याचे नियम ठरलेले. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे दमून परतताना तो पाठीवर येतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांचे रस्ते टाळायचे. आणि चहा अर्धं अंतर झाल्यावरच, त्याआधी कितीही तोंड वेंगाडलं तरी नाही.

बदलीच्या जरा आधीची गोष्ट. यवतेश्वरच्या घाटात तो म्हणाला, डावा हात बधिर वाटतोय. मी म्हणालो, "चढ आला की तुझी नाटकं सुरू!" दोन वळणं पुढं तो रस्त्याच्या कडेला बसला, तो बसलाच... पॅरालिसिस.

दिल्या वाचला, बोलतोही नीट. पण डावा हात आणि पाय गेल्यातच जमा. डॉक्टरांनी सायकलचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय.

मग मी इकडं आलो. सायकलही टेम्पोतून आली आणि बाल्कनीत उभी राहिली. हळूहळू बायको तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घालायला लागली, आणि मी तिला एका शब्दानं बोललो नाही.

दिल्या मात्र गप्प बसेल तर शपथ! घरात पडल्या पडल्या त्यानं फोनाफोनी करून सांगलीतला एक सायकल ग्रुप शोधला, त्यांच्या व्हॉट्सॲपवर शिरला, रस्त्यांची सगळी माहिती काढली. दर शनिवारी एका अंगठ्यानं नकाशावर रूट काढून मला पाठवायचा. सोबत व्हॉइस नोट... "तुंग गावाच्या फुडं कुत्री हायत गड्या, हळू जा. आन् ग्रुप धर रं, एकटा नको फिरू."

मी एकदाही गेलो नाही. रविवारी दहा वाजता अंथरुणातून उठून फोन करायचो, की मस्त झाली राइड.

राइडचं जीपीएस रेकॉर्डिंग कुठाय, असं त्यानं विचारलं, तर घड्याळाचं चार्जिंग संपलं. पुढच्या वेळी, सुरू करायलाच विसरलो. आता, रेकॉर्डिंग नसेल तर राइड झालीच नाही असं मानणारी आमची जात... कुठला सायकलवाला दर रविवारी विसरेल? पण दिल्या काही बोलला नाही. मला वाटलं, पचलं.

मागच्या आठवड्यात त्यानं फर्मान काढलं. "या रविवारी एकटा न्हाई जायाचं. ग्रुपबरोबर जा, मी मेघाला सांगितलंय." मेघा म्हणजे त्या ग्रुपची लीडर. आता दहा-बारा साक्षीदार म्हटल्यावर थाप मारायची सोयच उरली नाही. टॉवेल काढले, हवा भरली, गेलो.

पाय पार लाकडासारखे झाले होते. त्या ग्रुपात कुणाला मागं सोडत नाहीत, कुणीतरी एक जण शेवटच्या माणसाबरोबर राहतो. मेघा आष्ट्यापर्यंत माझ्याबरोबर रखडत आली.

टपरीवर ओळखी झाल्या. एक डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्हीच का ते हरवलेले काका?" मला काही कळेना.

मग मेघानं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी पहाटे ग्रुपवर मेसेज आला, की आतल्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल खचलाय, साधी फांदीसुद्धा आडवी लावलेली नाही, कुणी जाऊ नका. दिलीपनं मला नेमका तोच रस्ता काढून दिला होता. तो मला फोनवर फोन करत होता... आणि माझा फोन सायलेंटवर, उशीखाली.

शेवटी त्यानं रडवेल्या आवाजात मेघाला फोन केला. माझा मित्र अंधारात त्या पुलावर गेला असंल, कुणी जाऊन बघता का. ग्रुपमधले दोघं गेले. एक शाळेतले सर, एक मेडिकलवाले. ओढ्यात उतरले, शेतात विचारलं, दहा वाजेपर्यंत हुडकत राहिले. मग दिलीपचा मेसेज आला, "सापडला. सुखरूप हाय."

त्याच दहा वाजता ते मिस्ड कॉल बघून, राइडचंच विचारत असेल म्हणून, मी त्याला फोन करून सांगितलं होतं, की मस्त रस्ता होता, पुलावर थांबून सूर्योदय बघितला. तो एवढंच म्हणाला होता, "बरं झालं." आणि पुढच्या शनिवारी नवा रूट पाठवला होता.

ते सर समोरच बसले होते. त्यांनी साधेपणानं विचारलं, "मग त्या दिवशी गेलात कुठून?" मी म्हणालो, "दुसऱ्या रस्त्यानं." तोंडातून निघूनच गेलं हो! ते म्हणाले, देव पावला, आणि बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं सरकवला.

येताना वारा पाठीवर होता. तरी सांगली येता येईना.

घरी येऊन दिल्याला फोन केला. घाटातलंही बोललो, पुलाचंही.   तो म्हणाला, "ठाव हाय रं मला. पर तू खोटं का हुईना, सांगायचास तवा मीबी तेवढंच फिरून आल्यागत वाटायचं."



या वेळचं रेकॉर्डिंग त्याला पाठवलंय. वहिनी सांगत होत्या, सारखं उघडून बघत बसलेत.

त्या रविवारपासून ग्रुपमधले सगळे इथं मला फॉलो करतात, म्हणून इथंच लिहितो. सर, मेडिकलवाले दादा, मी त्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं गेलो नव्हतो. तुम्ही ओढ्यात उतरून मला हुडकत होतात, तेव्हा मी घरी झोपलो होतो.